दात्याच्या पांढऱ्या पेशी, अतिनील किरण आणि रिजेक्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किडनी प्रत्यारोपणाच्या वाटेवर असलेले रुग्ण आणि त्यांच्या घरचे लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्यातले या विषयावरचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. रिजेक्शन म्हणजे शरीराने परका अवयव नाकारणं. सोप्यापासून सुरुवात आहे, अडचणीचे प्रश्न शेवटी आहेत. घाई असेल आणि घरात कोणी डायलिसिसवर असेल, तर प्रश्न १० आणि ११ आधी वाचा.

१. दात्याच्या पांढऱ्या पेशींवर अतिनील किरण टाकतात, म्हणजे नक्की काय करतात?

रक्ताची पिशवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की रक्ताचे थर होतात. वर पिवळसर प्लाझ्मा, तळाला लाल पेशी आणि दोघांच्या मध्ये सायीसारखा एक पांढुरका, पातळ पट्टा. रक्तपेढीत त्याला बफी कोट म्हणतात. पांढऱ्या पेशी मुख्यतः तिथेच सापडतात. या पेशी किंवा त्या असलेलं रक्त मोजून-मापून अतिनील किरणांखाली धरायचं आणि मग ज्याला त्याच दात्याचा अवयव मिळणार आहे, त्याच्या शिरेतून द्यायचं, अशी ही पद्धत. अवयव येण्याआधी रुग्णाच्या शरीराला दात्याची ओळख व्हावी, पण ती ओळख भांडणाने सुरू होऊ नये, हा हेतू.

प्रत्यारोपणात हा अजून रुटीन उपचार नाही. प्लेटलेट्स देताना मात्र अतिनील किरणांचा उपयोग माणसांवर नीट तपासला गेला आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

२. पांढऱ्या पेशींमुळेच शरीर भडकतं म्हणतात. मग त्याच आधी देऊन फायदा कसा होईल?

शरीर परक्या पेशीला ओळखतं ते तिच्या पृष्ठभागावरच्या एचएलए प्रथिनांवरून. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात. आई-वडिलांशी आपलं निम्मं एचएलए जुळतं, सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. पांढऱ्या पेशींवर ही प्रथिनं भरपूर असतात आणि त्यातल्या काही पेशींचं, विशेषतः डेंड्रिटिक पेशींचं, कामच मुळी टी-पेशींना, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, चेतवण्याचं असतं.

पण टी-पेशीला हल्ल्यासाठी एक इशारा पुरत नाही. परकं एचएलए दिसणं हा पहिला इशारा. सोबत दुसराही लागतो, तो चेतवणाऱ्या पेशीवरच्या बी-७ गटातल्या रेणूंकडून मिळतो. पहिला आला आणि दुसरा आलाच नाही, तर ती टी-पेशी अनेकदा निष्क्रिय होते. अतिनील किरणांनी साधायचं ते हेच: ओळख शिल्लक ठेवायची आणि चिथावणी काढून घ्यायची.

३. किरणांनी पेशीत नेमकं काय बिघडतं?

डीएनएवर शेजारी-शेजारी असलेले थायमिन एकमेकांना चिकटतात, त्यामुळे पेशीला विभाजन करता येत नाही. पृष्ठभागावरचे चिकटण्याचे आणि चेतवण्याचे रेणू कमी होतात. काही तासांत-दिवसांत बऱ्याच पेशी शांतपणे मरतात, म्हणजे फुटून आजूबाजूला आग न लावता. अशा मरणाऱ्या पेशी रुग्णाच्या प्लीहेतल्या आणि यकृतातल्या भक्षक पेशी गिळतात आणि दात्याची प्रथिनं धोक्याच्या सूचनेशिवाय पुढे दाखवतात. त्यातून नियामक, म्हणजे हल्ला आवरणाऱ्या, टी-पेशी वाढल्याचं प्राण्यांमध्ये दिसलं आहे.

लाल पेशी आणि प्लेटलेट्स यांना केंद्रकच नसतं, त्यामुळे डीएनएवरचा घाव त्यांना लागत नाही. म्हणून प्लेटलेटच्या पिशवीवर किरण टाकले तरी प्लेटलेट्स पुरेशा कामाच्या राहतात.

एक तांत्रिक अडचण आहे. या कामात मुख्यतः वापरलेले यूव्ही-बी किरण, म्हणजे २८० ते ३२० नॅनोमीटरचे, नेहमीच्या पीव्हीसी पिशवीतून आरपार जात नाहीत. हिमोग्लोबिनही ते शोषून घेतं. त्यामुळे वेगळ्या प्लास्टिकची सपाट पिशवी, द्रवाचा पातळ थर आणि सतत हलवत राहणं हे सगळं आलंच. गच्चीवर उन्हात ठेवून हे होतं का, असंही विचारलं गेलं आहे. नाही.

४. ही कल्पना निघाली कुठून?

१९५३ मध्ये बिलिंगहॅम, ब्रेंट आणि मेडावार यांनी इंग्लंडमध्ये दाखवलं, की उंदराच्या गर्भाला दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी टोचल्या तर मोठेपणी तो त्या जातीची त्वचा स्वीकारतो. मेडावार यांना १९६० चं नोबेल मिळालं, बर्नेट यांच्याबरोबर. पण आपला रुग्ण गर्भ नसतो, चाळिशीचा असतो, तेव्हा प्रश्न तिथेच राहिला.

पुढचं वळण उलट्या बाजूने आलं. रक्त दिल्याने अँटिबॉडी तयार होतात म्हणून प्रत्यारोपणाआधी रक्त टाळायची पद्धत पडली होती. १९७३ मध्ये ओपेल्झ आणि तेरासाकी यांनी नोंदी तपासल्या, तर आधी रक्त मिळालेल्यांच्या किडन्या जास्त टिकलेल्या दिसल्या! त्यावरून १९८० च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत साल्वातिएरा आणि सहकाऱ्यांनी होणाऱ्या दात्याचंच रक्त आधी द्यायला सुरुवात केली. किडन्या चांगल्या टिकल्या. पण जवळपास तिसऱ्या हिश्श्याच्या रुग्णांमध्ये दात्याविरुद्धच अँटिबॉडी झाल्या, आणि त्या दात्याची किडनी बादच झाली. घरात एकच दाता असेल तर याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

हा तिसरा हिस्सा वाचवायचा, या विचारातून अतिनील किरण आले. किरण दिलेल्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दुसऱ्याच्या पेशींना चेतवू शकत नाहीत, हे काचनळीत १९७१ च्या सुमारास स्वीडनमध्ये दिसलं होतं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लाउ, रीम्ट्स्मा आणि हार्डी यांनी १९८३ मध्ये मधुमेही रॅटना आधी किरण दिलेलं दात्याचं रक्त दिलं आणि मग त्याच दात्याच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची बेटं बसवली. ती दीर्घकाळ टिकली. यातले कीथ रीम्ट्स्मा म्हणजे ज्यांनी साठच्या दशकात चिंपांझीच्या किडन्या माणसांना बसवल्या होत्या तेच. त्यातली एक रुग्ण नऊ महिने जगली. धाडसाची कमतरता त्यांना कधीच नव्हती.

५. माणसांवर सिद्ध झालंय का?

प्लेटलेट्समध्ये, हो. ल्युकेमियाच्या रुग्णांना वारंवार प्लेटलेट्स द्याव्या लागतात. पिशवीतल्या पांढऱ्या पेशींमुळे त्यांच्यात एचएलएविरुद्ध अँटिबॉडी झाल्या की पुढे कितीही पिशव्या चढवा, काउंट वाढत नाही. अमेरिकेतल्या ‘ट्रॅप’ या चाचणीत ५३० रुग्णांचे चार गट केले. एकाला साध्या प्लेटलेट्स, दोघांना फिल्टरने पांढऱ्या पेशी गाळून काढलेल्या वेगवेगळ्या प्रकारच्या, आणि एकाला यूव्ही-बी दिलेल्या. १९९७ मध्ये निकाल आला. साध्या गटात ४५ टक्के रुग्णांमध्ये अँटिबॉडी झाल्या, बाकी तिन्ही गटांत १७ ते २१ टक्के. अँटिबॉडी होऊन प्लेटलेट्स निकामी ठरण्याचं प्रमाण साध्या गटात १३ टक्के, इतरांत ३ ते ५ टक्के.

किरणांचा फायदा फिल्टरपेक्षा जास्त नव्हता. फिल्टर लावणं सोपं, दिव्यांचं यंत्र आणि वेगळी पिशवी सांभाळणं कटकटीचं. साहजिकच जग फिल्टरकडे गेलं. ब्रिटनने १९९९ पासून सगळंच रक्त फिल्टर करायला घेतलं, तेही मुख्यतः मॅड काऊ आजाराच्या भीतीने.

या चाचणीत सिद्ध झालं ते ‘किरण दिले तर अँटिबॉडी कमी होतात’ इतकंच. ‘किरण दिलेल्या पेशी दिल्या तर नंतरची किडनी टिकते’ हा वेगळा दावा आहे. त्याचा मुख्य आधार अजून प्राण्यांवरच्या प्रयोगांचाच आहे. बातम्यांमध्ये ही दोन वाक्यं सर्रास एकत्र कालवली जातात.

६. रॅटमध्ये चाळीस वर्षांपूर्वी जमलं, तर माणसात इतका उशीर का?

कारण मधल्या काळात सायक्लोस्पोरिन हे रिजेक्शन रोखणारं औषध आलं. १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि एका वर्षाच्या टप्प्यावर किडन्या इतक्या चांगल्या टिकू लागल्या, की आधी रक्त देण्याची खटपट कोणी करेना. त्याच दशकात एचआयव्हीची दहशत बसली, रक्त टाळता येईल तितकं टाळा असं धोरण झालं. दशकाच्या शेवटी एरिथ्रोपोएटिनचं (इपीओ), म्हणजे लाल पेशी वाढवणारं इंजेक्शन आलं, डायलिसिसच्या रुग्णांची रक्ताची गरजच घटली.

माझ्या मते यात थोडी घाई झाली. औषधांनी पहिलं वर्ष सावरलं, पण दहाव्या-पंधराव्या वर्षी हळूहळू जाणाऱ्या किडन्यांचं काय, हा प्रश्न सुटला नाही. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ही औषधं स्वतःच किडनीला त्रास देतात. म्हणूनच दात्याच्या पेशींची वाट गेल्या काही वर्षांत पुन्हा चालायला लागली आहे (प्रश्न ९).

७. फोटोफेरेसिस म्हणजे हेच ना?

नाही, आणि ही गल्लत सगळ्यात जास्त होते. फोटोफेरेसिसमध्ये पेशी रुग्णाच्या स्वतःच्या असतात. यंत्र रक्त ओढून पांढऱ्या पेशी वेगळ्या करतं, त्यांत ८-मेथॉक्सीसोरॅलेन हे औषध मिसळतं, यूव्ही-ए किरण देतं आणि पेशी परत शरीरात सोडतं. येलच्या रिचर्ड एडलसन यांनी १९८७ मध्ये त्वचेच्या एका लिम्फोमासाठी (एक प्रकारचा कर्करोग) ही पद्धत मांडली, पुढच्याच वर्षी अमेरिकेत मान्यता मिळाली.

प्रत्यारोपणात तिचा पुरावा बरा आहे. १९९८ मध्ये हृदय प्रत्यारोपणाच्या ६० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. नेहमीच्या औषधांवर प्रत्येक रुग्णामागे सरासरी १.४४ वेळा रिजेक्शनचा झटका आला, फोटोफेरेसिस जोडलेल्या गटात ०.९१ वेळा. जगण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. आज ही पद्धत मुख्यतः बोन मॅरो प्रत्यारोपणानंतरच्या जीव्हीएचडीसाठी (दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करतात तो आजार) आणि फुप्फुस-हृदयाच्या चिवट रिजेक्शनसाठी वापरतात. या औषधाने शरीर प्रकाशाला संवेदनशील होतं, म्हणून उपचारानंतर २४ तास ऊन टाळायला आणि गॉगल घालायला सांगतात.

८. रायबोफ्लेविन घालून किरण देतात असं ऐकलं. ते कशाला?

रायबोफ्लेविन म्हणजे आपलं बी-२ जीवनसत्त्व. ते डीएनए-आरएनएला जाऊन बिलगतं आणि अतिनील प्रकाश पडला की तिथेच मोडतोड करतं. हे तंत्र मुळात रक्तातले विषाणू-जिवाणू मारण्यासाठी काढलं. पण त्यात पांढऱ्या पेशीही निकामी होतात, आणि अशा पेशी दिलेल्या प्राण्यांमध्ये दात्याविरुद्धच्या अँटिबॉडी कमी होतात असं दिसलं. बाजारात तयार यंत्र आहे, रक्तपेढ्यांना ते ओळखीचं आहे आणि घातलेला पदार्थ निरुपद्रवी आहे, म्हणून प्रत्यारोपणाचा विचार करणाऱ्या संशोधकांचं लक्ष याकडे वळलं. याच जातीचं दुसरं तंत्र अमोटोसॅलेन आणि यूव्ही-ए वापरतं, त्याला अमेरिकेत २०१४ मध्ये प्लेटलेट्स आणि प्लाझ्मासाठी मान्यता मिळाली.

बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या खाऊन उन्हात बसल्याने यातलं काहीही होत नाही.

९. सध्या माणसांवर काही चालू आहे का?

किरणांऐवजी रसायन वापरून, हो. जर्मनीत हायडेलबर्गला जिवंत दात्याच्या पांढऱ्या पेशी मायटोमायसिन-सी या औषधात भिजवून, धुऊन, किडनी बसवण्याच्या २ किंवा ७ दिवस आधी १० रुग्णांना दिल्या. त्याचा अहवाल २०२० मध्ये आला. उद्देश मुख्यतः सुरक्षितता पाहण्याचा होता, आणि नियामक बी-पेशी वाढल्याचं आढळलं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात माकडांना दुसऱ्या एका रसायनाने मारलेल्या दात्याच्या पेशी दिल्या. थोडा काळ औषधं देऊन थांबवल्यावरही इन्सुलिनच्या पेशींची बेटं वर्षभर टिकली, हे २०१९ चं काम.

पेशी मारायची कशाने, हा तपशील आहे. किरण, मायटोमायसिन की आणखी काही, तत्त्व प्रश्न २ मधलंच.

आपल्या शेजारी, अहमदाबादच्या किडनी संस्थेत डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी दात्याच्या मूलपेशी आणि अस्थिमज्जा देऊन औषधं कमी करण्याचा प्रयत्न अनेक वर्षं केला. तिथे पेशी जिवंत दिल्या जात, म्हणजे रस्ता वेगळा, पण मुक्काम तोच. त्रिवेदी २०१९ मध्ये गेले.

१०. बाबा डायलिसिसवर आहेत, हिमोग्लोबिन ६ आहे, प्रत्यारोपणाच्या यादीत नाव आहे. रक्त द्यावं की नाही?

हा निर्णय नेफ्रोलॉजिस्टचा. जीव धोक्यात असेल तर रक्त द्यावंच लागतं, त्यात वाद नाही. पण तसं नसेल तर आधी लोह आणि इपीओचं इंजेक्शन नीट चालू आहे का, ते विचारा. कितीतरी वेळा लोहच कमी असतं आणि इंजेक्शन वाया जात असतं.

पिशवी चढवायचीच ठरली तर एक वाक्य बोला: “पेशंट प्रत्यारोपणाच्या यादीत आहे, ल्युकोडिप्लीटेड पीसीव्ही मिळेल का?” म्हणजे पांढऱ्या पेशी गाळलेली लाल पेशींची पिशवी. रक्तपेढीतच, साठवण्याआधी फिल्टर केलेली पिशवी सर्वात चांगली. खाटेशेजारी फिल्टर लावून चढवणं हा दुसरा पर्याय, तो कमी भरवशाचा. कारण साठवणीत पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांचे तुकडे फिल्टरमधून निसटतात. फिल्टरला पैसे जास्त पडतात, हे खरं आहे. पण एचएलए अँटिबॉडी वाढल्यावर जुळणारा दाता शोधण्यात जाणाऱ्या वर्षांपुढे ती रक्कम किरकोळ आहे.

अतिनील किरण दिलेलं रक्त मागू नका, त्याची इथे गरज नाही. आणि पुढची अँटिबॉडी तपासणी कधी, तेही विचारून घ्या. रक्त चढल्यानंतर २ ते ४ आठवड्यांनी ती पुन्हा करायची असते, आणि गडबडीत नेमकी तीच राहून जाते.

११. नवराच किडनी देणार आहे. मग रक्तही त्याचंच दिलं तर चांगलं नाही का?

नाही. मनापासून विचारलेला प्रश्न आहे, पण उत्तर ठामपणे ‘नाही’ असंच आहे.

बाळंतपणात आईच्या शरीराला बाळातल्या वडिलांकडच्या एचएलएची ओळख झालेली असते. दोन-तीन मुलं झालेल्या बाईमध्ये नवऱ्याविरुद्धच्या अँटिबॉडी असू शकतात, किंवा त्या विरून गेलेल्या असल्या तरी त्यांची आठवण ठेवणाऱ्या पेशी उरलेल्या असतात. त्यात नवऱ्याचंच रक्त गेलं तर त्या जाग्या होतात आणि क्रॉसमॅच (रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्ध अँटिबॉडी आहेत का, ही चाचणी) पॉझिटिव्ह येतो. आपल्याकडे नवऱ्याने बायकोला किडनी देण्यापेक्षा बायकोने नवऱ्याला देणंच जास्त. त्या उलट्या जोडीत ही विशिष्ट अडचण येत नाही, तरी दात्याचं रक्त टाळायचंच.

रक्तपेढीला बदली दाता द्यायचा असेल तर नवऱ्याने, भावाने खुशाल रक्तदान करावं. फक्त ती पिशवी याच रुग्णाला लागू नये, एवढं सांगून ठेवावं.

१२. अँटिबॉडी आधीच असतील तर किरण दिलेल्या पेशींनी त्या जातील का?

नाही. ही पद्धत ज्याची ओळखच झालेली नाही अशा शरीरासाठी आहे. आठवण असलेल्या टी-पेशींना दुसऱ्या इशाऱ्याची फारशी गरज लागत नाही, त्यामुळे प्रश्न २ मधलं सगळं गणित इथे कोलमडतं. पेशी दिल्या तर उलट बूस्टरसारखं होऊ शकतं. अशा रुग्णांसाठी प्लाझ्मा बदलणं, रिटुक्सिमॅबसारखी औषधं किंवा स्वॅप, म्हणजे दुसऱ्या जोडीशी दात्यांची अदलाबदल, हे मार्ग आहेत. आपल्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीनंतर स्वॅपला जागा आहे.

१३. ‘इरॅडिएटेड’ रक्त आणि हे एकच का?

नाही. रक्तपेढीत इरॅडिएटेड म्हणतात ते गॅमा किंवा एक्स किरणांना, साधारण २५ ग्रे इतक्या मात्रेत. त्याने दात्याच्या टी-पेशींचं विभाजन थांबतं आणि त्या रुग्णावर उलटत नाहीत. पण पेशीची चेतवण्याची ताकद शाबूत राहते, म्हणून अँटिबॉडी होणं त्याने थांबत नाही. फिल्टरचं याच्या उलट: अँटिबॉडी कमी होतात, पण पेशी उलटण्याचा धोका पूर्ण जात नाही.

सख्ख्या नातेवाइकाचं रक्त काही कारणाने द्यावंच लागलं तर ते गॅमा-इरॅडिएटेड असायलाच हवं. एचएलए अर्धवट जुळत असल्याने त्या पेशी परक्या म्हणून ओळखल्या जात नाहीत, शरीरात मुक्काम ठोकतात आणि हल्ला करतात. हे क्वचित होतं, पण झालं तर बहुधा जीवावर बेततं.

१४. मृत दात्याच्या अवयवाला हे लागू होईल का?

अवघड आहे. पेशी काही दिवस आधी द्याव्या लागतात आणि मेंदूमृत दात्याच्या बाबतीत हातात तास असतात. झेडटीसीसीकडून (अवयव वाटपाचं विभागीय केंद्र) फोन आला की लगेच निघायचं असतं. जिवंत दात्याची शस्त्रक्रिया मात्र तारीख ठरवून होते. भारतात बहुतेक किडन्या जिवंत नातेवाइकांकडूनच येतात, म्हणून हे तंत्र उद्या सिद्ध झालंच तर आपल्याला ते बऱ्याच देशांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

१५. बोन मॅरो प्रत्यारोपणालाही हेच नियम?

एक नियम जास्त कडक आहे. अप्लास्टिक अ‍ॅनिमियाच्या (मॅरो रक्तपेशी बनवेनासा होतो तो आजार) मुलाला मॅरो देणारा भाऊ किंवा बहीण असेल, तर त्या घरातल्या कोणाचंही रक्त किंवा एसडीपी (एकाच दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेट्स) त्याला आधी देऊ नये. एचएलए पूर्ण जुळत असलं तरी इतर लहानसहान प्रथिनांविरुद्ध शरीर तयार होतं आणि मॅरो रुजत नाही. गावाकडे अर्धं घर रक्त द्यायला धावतं, म्हणून हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

१६. एका क्लिनिकमध्ये ‘अल्ट्राव्हायोलेट ब्लड थेरपी’ देतात. किडनी बसवलेल्या माणसाने घ्यावी का?

घेऊ नये. ती वेगळीच जुनी पद्धत आहे. अमेरिकेत एमेट नॉट यांनी १९२८ मध्ये जंतुसंसर्गासाठी थोडं रक्त बाहेर काढून, किरण देऊन परत सोडलं. चाळीसच्या दशकात तिची चलती होती, प्रतिजैविकं आल्यावर ती मागे पडली. आता ती ‘इम्युनिटी वाढवते’ म्हणून विकली जाते. ज्याची प्रतिकारशक्ती दाबून ठेवण्यासाठी रोज टॅक्रोलिमस चालू आहे, त्याला इम्युनिटी वाढवून देतो म्हणणाऱ्याकडे जायचंच कशाला?

१७. हे आलं की गोळ्या बंद होतील का?

नाही, निदान आज चालू असलेल्या कोणाच्याही नाहीत. हायडेलबर्गच्या रुग्णांनाही औषधं चालूच होती. प्रत्यारोपण होऊन गेलेल्यांसाठी तर ही पद्धत आखलेलीच नाही. रात्री आठची गोळी आठलाच घ्या.

१८. महाराष्ट्रात कुठे करून मिळेल? खर्च किती?

उपचार म्हणून कुठेही घेऊ नका. कोणी पैसे मागून देऊ केलाच, तर संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी आणि भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीचा क्रमांक मागा. नोंदलेल्या चाचणीत प्रयोगाधीन उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. क्रमांक मिळाला तर तो नेफ्रोलॉजिस्टना दाखवा, आणि प्रश्न ११ आणि १२ मधलं काही तुम्हाला लागू पडतं का, ते त्यांच्याकडूनच समजून घ्या.